किंमत झाकून ऐका

महागड्या हेडफोनांविषयी बोलणं निघालं की कुठल्या तरी वळणावर एक वाक्य येतं आणि पुढची सगळी चर्चा तिथेच मिटते: ज्याची त्याची आवड. दीड लाखाचा हेडफोन पंचवीस हजारांच्या हेडफोनपेक्षा नेमका कशात सरस आहे, असं विचारा, हेच उत्तर. एकाच हेडफोनला एक परीक्षक मधाळ म्हणतो आणि दुसरा कोंदट, मग घेणाऱ्याने विश्वास कुणावर ठेवायचा, असं विचारा, पुन्हा हेच. आपल्याकडच्या दर्दी मंडळींनी तर त्याला घराण्यांचा आधार दिला आहे. कुणाला किराण्याची स्वरात बुडालेली आलापी भावते, कुणाला जयपूरच्या पेचदार ताना. तिथे कुणी मोजपट्टी लावत नाही, मग हेडफोनलाच का लावायची? कान आपला, पैसा आपला, आवड आपली. विषय संपला.

विषय संपत नाही. हे वाक्य ऐकायला उदार वाटतं, पण व्यवहारात त्यामुळे विकणाऱ्याची जबाबदारीच उरत नाही. ज्या वस्तूसाठी माणूस एक-दोन महिन्यांचा पगार मोजतो, तिच्याबद्दल प्रश्न विचारणं हा अरसिकपणा ठरतो. आणि ज्या आवडीचं नाव घेऊन हे सगळं चालतं, त्या आवडीला कुणी कधी धडपणे विचारलेलंच नसतं. माझा मुख्य आक्षेप इथे आहे.

घराण्यांचा दाखला आधी बाजूला करतो. किराणा की जयपूर ही निवड गाण्यातली आहे. अब्दुल करीम खाँसाहेबांनी स्वर कसा लावला, अल्लादिया खाँसाहेबांच्या तालमीत केसरबाईंची तान कशी घडली, ही त्या माणसांची निर्मिती. त्यातलं एक मला जास्त जवळचं वाटलं तर तो माझा त्या कलावंताशी जुळलेला संबंध आहे. हेडफोन गात नाही. केसरबाईंचा आवाज माझ्या कानापर्यंत आणून सोडणं एवढंच त्याचं काम. एखाद्या हेडफोनमध्ये दोन-तीन हजार हर्ट्झचा पट्टा दबलेला असेल तर केसरबाई मागे सरकतात, शब्दांची आणि स्वरांची धार बोथट होते. त्याला त्या हेडफोनची 'गायकी' म्हणणं हा केसरबाईंवरच अन्याय आहे.

यावर एक खरा आणि वजनदार प्रतिप्रश्न येतो. केसरबाईंचा मूळ आवाज कसा होता हे आज सांगणार कोण? ध्वनिमुद्रण करणाऱ्याने तो कुठल्या तरी खोलीत, कुठल्या तरी स्पीकरवर ऐकून पक्का केला. तो स्पीकर आपल्याकडे नाही, ती खोलीही नाही. मग 'बरोबर' आवाज म्हणजे कुठला? ध्वनिशास्त्रज्ञ फ्लॉइड टूल यांनी या गुंत्याला गोंधळाचं वर्तुळ म्हटलं आहे, आणि तो गुंता कुणीही नाकारू शकत नाही. हेडफोनच्या बाबतीत तो आणखी घट्ट बसतो. बहुतेक संगीत स्पीकरवर ऐकण्यासाठी मिसळलेलं असतं आणि हेडफोन तर खोलीला वगळून थेट कानाशी बोलतो. म्हणून आवाज सपाट असावा, एवढं म्हणून इथे भागत नाही. बाह्यकर्ण आणि कानाची नळी मिळून तीन हजार हर्ट्झच्या आसपासचा आवाज दहा-पंधरा डेसिबलनी उचलतात. आपला मेंदू जन्मापासून त्याच उचललेल्या आवाजाला नैसर्गिक मानतो. त्यामुळे हेडफोनला तो उठाव मुद्दाम द्यावा लागतो. किती द्यायचा, आणि खर्ज किती ठेवायचा, हे ठरवायला शेवटी माणसालाच विचारावं लागतं.

आणि संशोधकांनी माणसालाच विचारलं. 'आवड म्हणजे आवड, तिची चौकशी नको' असं म्हणणाऱ्यांनी इकडे थोडं थांबून पाहावं. हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह, टॉड वेल्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 च्या सुमारास हेडफोनवर काम सुरू केलं, तेव्हा प्रश्न साधा होता: लोकांना काय आवडतं? अडचण अशी की हेडफोन डोक्यावर चढवला की वजनावरून, गादीच्या स्पर्शावरून, डोक्यावरच्या दाबावरून माणूस तो ओळखतो. म्हणून त्यांनी एकच हेडफोन सर्वांच्या डोक्यावर ठेवला आणि त्यातून वेगवेगळ्या हेडफोनांचा आवाज समकारकाच्या (इक्वलायझरच्या) साहाय्याने उभा करून ऐकवला. नाव दिसत नाही, किंमत दिसत नाही, लाकडी कप दिसत नाहीत. आता सांगा, काय आवडलं?

उत्तर असं आलं की आवडी दहा दिशांना पांगलेल्या नाहीत. 31 हेडफोनांवर केलेल्या अभ्यासात सुमारे 64 टक्के ऐकणाऱ्यांना आज हार्मनच्या नावाने ओळखला जाणारा तोच एक आराखडा आवडला: चांगल्या खोलीत चांगल्या स्पीकरवर ऐकल्यासारखा, खर्ज थोडा भरलेला. सुमारे 15 टक्क्यांना त्याहून अधिक खर्ज हवा होता, 21 टक्क्यांना कमी. कमी खर्ज मागणाऱ्यांत स्त्रिया आणि पन्नाशी ओलांडलेले लोक तुलनेने जास्त होते. म्हणजे वैयक्तिक फरक आहेत, पण ते मुख्यतः खर्जाच्या आणि तीव्र स्वरांच्या काही डेसिबलपुरते आहेत, आणि एवढा फरक फोनमधल्या समकारकाने फुकट साधता येतो. त्यासाठी लाख रुपये लागत नाहीत.

हार्मनला यात स्वारस्य आहे, हे वाचकाला सांगायलाच हवं. एकेजी आणि जेबीएल ही नावं त्याच कंपनीची, आणि 2017 पासून ती स्वतः सॅमसंगच्या मालकीची. वय आणि संस्कृतीचा आवडीवर काय परिणाम होतो हे पाहणारा त्यांचा अभ्यास अमेरिका, कॅनडा, जर्मनी आणि चीन या चार देशांत झाला. भारत त्यात नव्हता. तानपुऱ्याच्या नादात वाढलेल्या कानांना विचारलं असतं तर आकडे थोडे हलले असते का, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो आणि पुण्या-मुंबईच्या एखाद्या संस्थेने तो हाती घ्यावा असंही वाटतं. पण आकडे हलले असते तरी पद्धत तीच राहिली असती: झाकून ऐका, मग बोला.

झाकणं इतकं महत्त्वाचं का? टूल आणि ऑलिव्ह यांनी 1994 मध्ये स्पीकरवर केलेला एक प्रयोग याचं उत्तर देतो. ऐकणारे त्यांच्याच कंपनीतले कर्मचारी होते. पडद्याआड ठेवलेल्या स्पीकरांना त्यांनी जे गुण दिले, ते पडदा काढल्यावर बदलले. मोठे, देखणे स्पीकर वर गेले. एक लहानसा, स्वस्त संच पडद्याआड बऱ्यापैकी गुण मिळवत होता, तो डोळ्यांना दिसताच खाली आला. यातलं कुणीही खोटं बोलत नव्हतं. ऐकण्यात डोळे मिसळतात, नाव मिसळतं, किंमत मिसळते, हे माणसाच्या मेंदूचं काम आहे आणि त्यापासून जाणकारही सुटत नाहीत. म्हणूनच पाठीवर कंपनीचं नाव आणि समोर किमतीची चिठ्ठी असताना 'मला हा जास्त आवडला' म्हणणारा माणूस आपल्या कानाबद्दल फारच थोडं सांगत असतो.

किमतीबद्दलचा पुरावा याहून थेट आहे. येरून ब्रेबार्ट यांनी 2017 साली 283 हेडफोन आणि इअरफोनांची मोजमापं आणि त्यांच्या किरकोळ किमती शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. दोन्हींत संबंध सापडला नाही. आवाजाचा समतोल हा हेडफोनच्या गुणवत्तेतला सर्वांत मोठा घटक, आणि किमतीवरून त्याचा अंदाजच बांधता येत नाही. 'जितके पैसे तितका आवाज' हे गृहीत धरून बाजार उभा आहे, आणि त्या गृहीतकाला आधार नाही.

मग जास्तीचे पैसे जातात कुठे? ते सगळे वाया जातात असं मी म्हणत नाही. सेनहायझरचा एचडी 600 हा 1997 सालचा हेडफोन अजून विकला जातो. त्याची गादी, वायर, डोक्यावरची पट्टी हे सगळं सुटं मिळतं आणि घरच्या घरी बदलता येतं. वीस वर्षं वापरायची वस्तू म्हणून त्याच्यासाठी पंचवीस-तीस हजार मोजणं मला रास्त वाटतं. त्यात भर म्हणजे त्याचा अवरोध 300 ओहम, म्हणजे साध्या फोनवर तो पुरेसा मोठा वाजतोच असं नाही; अ‍ॅम्पचा खर्च त्याच हिशेबात धरायला हवा, आणि दुकानात तो क्वचितच धरून दाखवला जातो. त्याच्या वरच्या पायरीवर हायफायमॅनचा सुसवारा आहे, 2017 मध्ये आला तेव्हा 6,000 डॉलर. अतिशय पातळ पडदा, बारकाईचं काम, आणि संवेदनशीलता इतकी कमी की त्याच्यासाठी ताकदवान अ‍ॅम्प शोधणं हा वेगळाच खर्च. आणखी वर सेनहायझरचा एचई 1: संगमरवरी पेटीतला अ‍ॅम्प, त्यातून वर येणारे व्हॉल्व्ह, आला तेव्हा किंमत सुमारे 50,000 युरो. हे कारागिरीचे नमुने आहेत आणि कारागिरीला किंमत असते. ज्याला ती परवडते आणि हवी आहे त्याने जरूर घ्यावी. माझं म्हणणं एवढंच की तेव्हा 'मी कारागिरीचे पैसे दिले' असं म्हणावं. 'पाचपट पैसे दिले म्हणून गाणं पाचपट जवळ आलं' असं दुसऱ्याला सांगू नये.

प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा इथेच येतो. ते म्हणतील, किमतीमुळे का होईना, मला आनंद जास्त झाला ना? मग तो खराच. या म्हणण्याला शास्त्रीय आधारही आहे. हिल्के प्लासमन आणि सहकाऱ्यांनी 2008 साली लोकांना तीच वाइन एकदा 10 डॉलरची आणि एकदा 90 डॉलरची म्हणून चाखायला दिली. 90 डॉलरची जास्त आवडली, आणि मेंदूच्या चित्रणात सुखाशी जोडलेला भागही अधिक जागा झालेला दिसला. आनंद खरा होता, हे मीही मानतो. पण तो वाइनचा नव्हता, चिठ्ठीचा होता. स्वतःच्या घरात, स्वतःच्या पैशाने, कुणी तो चिठ्ठीचा आनंद घेत असेल तर माझी हरकत नाही. हरकत तो सल्ला बनतो तेव्हा सुरू होते. पहिली नोकरी लागलेली मुलगी विचारते, अभिजात संगीत ऐकण्यासाठी कुठला हेडफोन घेऊ, आणि तिला सांगितलं जातं की खरं ऐकायचं असेल तर लाखाच्या पुढे जावंच लागेल, खालच्या वस्तूंत 'ती' खोली नाही. चिठ्ठीवरून मिळालेला आनंद असा तिच्या खिशातून वसूल केला जातो. तिला तो आनंद मिळेलच याची हमी कुणी देत नाही. आणि नाही मिळाला तर तिचेच कान अजून तयार झालेले नाहीत, असंही ऐकवलं जातं. हे मला क्रूर वाटतं.

आवड खरोखर वैयक्तिक कुठे आहे, हे मात्र या मंडळींकडून क्वचितच ऐकायला मिळतं, आणि मला त्यावरच जास्त बोलायचं आहे. पहिली गोष्ट कानाची घडण. आठ हजार हर्ट्झच्या वर हेडफोनचा आवाज प्रत्येकाच्या कानात वेगळा पोचतो. कप बोटभर पुढेमागे सरकला तरी बदलतो. एकाला जिथे स्वच्छ वाटतं तिथे दुसऱ्याला टोचतं, आणि दोघंही बरोबर असतात. चष्मा लावणाऱ्याच्या काडीमुळे बंद हेडफोनची गादी पुरती टेकत नाही आणि खर्ज गळून जातो. मुंबईच्या दमट हवेत चामडी गाद्या तासाभरात कान भिजवतात. अर्धा किलोचा हेडफोन काहींना दोन तास पेलतो, काहींची मान वीस मिनिटांत दुखते. यातलं काहीही परीक्षण वाचून कळत नाही, किमतीवरून तर मुळीच नाही.

दुसरी गोष्ट जागेची. उत्तम हेडफोनांपैकी बरेच उघड्या पाठीचे असतात; बाहेरचा आवाज आत येतो, आतला बाहेर जातो. विरार लोकलमध्ये किंवा रहदारीच्या रस्त्यावरच्या घरात असा हेडफोन घेतला तर माणूस आवाज वाढवत जातो. जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित मर्यादा आठवड्याला 40 तास 80 डेसिबल अशी आहे. गोंगाटावर मात करण्यासाठी वाढवलेला आवाज ती सहज ओलांडतो. अशा श्रोत्यासाठी गोंगाट कापणारा दहा-पंधरा हजारांचा बंद हेडफोन दोन लाखांच्या उघड्या हेडफोनपेक्षा अधिक मोलाचा आहे.

तिसरी आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी गोष्ट, आपण काय ऐकतो. तानपुऱ्याचंच घ्या. घोडीवरच्या जवारीत दोरा सरकवून तार अशी लावतात की एका तारेतून वरच्या स्वरांची लांबलचक रांग उमलत राहते. तार जिथे छेडली तिथल्या हिशेबाने जे वरचे स्वर उमटायलाच नकोत, तेही तानपुऱ्यात ठसठशीत ऐकू येतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 मध्येच लिहून ठेवलं होतं. मिरजेचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हेच काम कानाने करत आले. 2024 मध्ये मिरजेच्या तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. अशा वाद्याची परीक्षा हेडफोनमध्ये घेतली की बरंच कळतं. आठ-नऊ हजार हर्ट्झवर टोक असलेला हेडफोन जवारीची झळाळी काचेसारखी करून टाकतो. दहा मिनिटांत कान थकतो. खर्ज फुगवलेल्या हेडफोनमध्ये डग्ग्याची घीस पसरते आणि गायकाच्या मंद्र सप्तकावर सावली धरते. दुकानात ऐकवल्या जाणाऱ्या झगमगीत गाण्यांतून यातलं काहीच लक्षात येत नाही, कारण ती गाणी त्या उणिवा झाकणारीच निवडलेली असतात.

आणि जुनी ध्वनिमुद्रणं? 1925 च्या आधी कर्ण्यात गाऊन केलेल्या तबकड्यांवर साधारण 250 ते 2,500 हर्ट्झएवढाच आवाज उतरत असे. विद्युत ध्वनिमुद्रण आल्यावर पल्ला वाढला, तरी आजच्या मानाने तो अरुंदच राहिला. 1937 साली गेलेले अब्दुल करीम खाँसाहेब, बालगंधर्व, किंवा 1977 मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर ज्यांची भैरवी अंतराळात गेली त्या केसरबाई, यांच्या जुन्या तबकड्या ऐकणाऱ्या माणसाला वीस हजार हर्ट्झपर्यंतचा पल्ला विकला जातो तेव्हा त्याला सुईची खरखर अधिक स्पष्ट करून दिली जाते, एवढंच. त्याला मधला पट्टा सरळ आणि शांत असलेला हेडफोन हवा. तसे हेडफोन पाच आकडी किमतीच्या खालच्या टोकालाही मिळतात.

फक्त आलेख पाहून निकाल देणाऱ्यांविषयीही दोन वाक्यं. कृत्रिम कानावर काढलेली रेघ हार्मनच्या रेघेला जुळली की हेडफोन उत्तम, असं ते म्हणतात. 36 टक्के श्रोत्यांना ती रेघ जशीच्या तशी आवडली नव्हती, आणि आठ हजार हर्ट्झच्या वर त्या रेघेला तुमचा कान माहीत नसतो. आलेखावरून नको त्या वस्तू गाळाव्यात. निवड मात्र डोक्यावर चढवूनच करावी.

चष्म्याची फ्रेम आपण आवडीने घेतो, पण नंबर तपासून घेतो, आणि नंबर तपासू न देणाऱ्या दुकानात कुणी पाऊल ठेवत नाही. हेडफोनच्या व्यापारात मात्र तपासणं ही मेहेरबानी समजली जाते. महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत लाखाचा हेडफोन ऐकून पाहायची सोयच नाही. इअरफोनची पेटी उघडली की स्वच्छतेच्या कारणाने तो परत घेतला जात नाही. जिथे ऐकवतात तिथे दोन हेडफोन एकाच खुणेवर आवाज ठेवून ऐकवतात. अधिक संवेदनशील असलेला जरा मोठा वाजतो, आणि जरा मोठं वाजतं ते प्रत्येक माणसाला जास्त चांगलं वाटतं. एखाद-दुसऱ्या डेसिबलने निर्णय फिरतो. आवडीचा एवढा कैवार घेणाऱ्या व्यापाऱ्यांनी आणि परीक्षकांनी ग्राहकाची आवड तपासायची एवढी साधी सोय इतक्या वर्षांत का केली नाही, याचं उत्तर त्यांनी द्यावं.

तोवर घेणाऱ्याने आपल्यापुरतं एवढं करावं. आपलं संगीत आपल्या फोनमध्ये घेऊन जा: तानपुरा आणि डग्गा असलेलं एक ध्वनिमुद्रण, एक जुनी तबकडी, आणि तुम्ही रोज ऐकता ते एक. सोबतच्या माणसाला हेडफोन हातात द्यायला सांगा आणि डोळे मिटून डोक्यावर चढवा. दोन्हींचा आवाज कानाला सारखा वाटेपर्यंत जुळवा, मगच तुलना करा. निदान अर्धा तास ऐका, चष्मा लावत असाल तर तो लावून. किंमत सगळ्यात शेवटी विचारा. आणि जो दुकानदार असं ऐकू देणार नाही, त्याच्याकडून एवढी महाग वस्तू घेऊ नका.